छप्पर वर, टेन्शन खाली!

*ग्रुप जमला नाही म्हणून ट्रिप रद्द? अमेरिकेतल्या एकट्या भटक्यांकडे यावर एक त्रिकोणी उपाय आहे...*

ट्रिपचा प्लॅन ठरतो तेव्हा आपण बारा जण असतो. बुधवारपर्यंत नऊ उरतात. गुरुवारी कुणाचा क्लायंट कॉल येतो, कुणाच्या सासूबाई येतात. शुक्रवारी संध्याकाळी तीन जण मिसळ खाऊन घरी जातात आणि ‘नेक्स्ट टाइम पक्का!’ असा मेसेज टाकतात. हे फक्त पुण्यातच होतं असं वाटत असेल तर तो गैरसमज आहे. कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचंही सेम टु सेम.

माझी मावसबहीण फ्रीमाँटला असते. वय चौतीस, सॉफ्टवेअरमध्ये, एकटी. लागोपाठ चार लाँग वीकएन्ड असे पाण्यात गेल्यावर तिनं सरळ एक दहा वर्षं जुनी कॅम्पर विकत घेतली. कारमागे ओढायची, हवी तिथे उभी करायची, उघडायची आणि झोपायचं. नाशिकला मावशीचा पहिला प्रश्न होता, ‘एकटी? जंगलात? डब्यात?’

डबाच आहे तो, पण मोठा हुशार डबा! बंद असताना जेमतेम माणसाच्या उंचीची, चपटी, मोठ्या सूटकेससारखी दिसते. उघडली की दोन पत्ते एकमेकांना टेकवून उभे करावेत तसा त्रिकोण तयार होतो. म्हणून तिला ए-फ्रेम म्हणतात. आत एक बेड, दोन बर्नरची शेगडी, छोटं सिंक, बुटका फ्रिज आणि समोरासमोर बसायला बाकडी. कापड कुठेच नाही. भिंतीही कडक, छप्परही कडक.

हा प्रकार नवा नाही. अलास्कन कॅम्पर नावाचा, पिकअप ट्रकवर बसवायचा आणि हायड्रॉलिकनं वर उचलायचा डबा १९५०च्या दशकातला. ए-फ्रेमचं नाव झालं ते पेनसिल्व्हेनियातल्या राल्फ टेट यांच्या ‘एलायनर’मुळे, १९८०च्या दशकात. टेनेसीची ‘ट्रेलमॅनर’ वेगळ्याच जातीची. तिचे दोन अर्धे भाग काडेपेटीसारखे एकमेकांत सरकतात. पण एकट्या माणसाच्या हिशेबात ए-फ्रेमला तोड नाही. वजन साधारण ६०० ते ९०० किलोच्या घरात, त्यामुळे मध्यम एसयूव्हीसुद्धा ओढू शकते. अर्थात गाडीची ओढायची क्षमता मॅन्युअलमध्ये बघूनच, आणि सामान भरल्यावरचं वजन धरून!

कापड का नको?

तंबू स्वस्त, कापडी पॉप-अप कॅम्पर आतून मोठी. मग हे कडक प्रकरण कशाला? पहिलं उत्तर, अस्वल. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडवर तंबू आणि कापडी भिंतींच्या कॅम्परना प्रवेशच नाही, कारण तो ग्रिझलींचा इलाका. कॅनडातल्या लेक लुईजला तर दोन वेगळी कॅम्पग्राउंड्स आहेत. कडक भिंतीवाल्यांचं एक आणि कापडवाल्यांचं दुसरं. दुसऱ्याभोवती चक्क विजेचं कुंपण! (माणसं कुंपणाच्या आत, अस्वलं मोकळी. बरोबरच आहे, घर त्यांचं आहे.)

म्हणजे कडक भिंत आली की अस्वलाचा प्रश्न मिटला? अजिबात नाही. योसेमिटीतली काळी अस्वलं खाण्याच्या वासानं गाडीचं दार वाकवून उघडतात. तिथे रात्री गाडीत खाणं ठेवायचं नाही, लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचं, असा नियमच आहे. ताई तर लिपबामसुद्धा लॉकरमध्ये टाकते.

दुसरं उत्तर जास्त रोजच्या उपयोगाचं आहे. ओल. पावसात कापडी कॅम्पर बंद केली तर घरी येऊन पुन्हा उघडून वाळवावी लागते, नाहीतर बुरशी. एकटीनं, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, सोमवारी सकाळी? विसरा.

अर्ध्या मिनिटाचं खरं गणित

कंपन्यांचे व्हिडिओ बघाल तर अर्ध्या मिनिटात छप्पर वर! खोटं नाही ते. पण त्याच्या आधीची वीस मिनिटं व्हिडिओत नसतात, आणि एकट्या माणसाची खरी परीक्षा तिथेच आहे. ताईची उंची पाच फूट एक इंच. तिचं म्हणणं, ताकद लागत नाही, क्रम लागतो.

सुरुवात रिव्हर्सपासून. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं वळतं, आणि ट्रेलर जितका छोटा तितका पटकन वाकडा होतो. युक्ती अशी की हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला हवी, त्या बाजूला हात न्यायचा. मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणारं कुणी नसतं, म्हणून दर थोड्या अंतरानं थांबून, उतरून, स्वतः बघून यायचं. लाज वाटते? वाटू द्या. आणि मागेच नाही, वरही बघायचं. त्रिकोणाचं टोक जिथे जाणार तिथे झाडाची फांदी नको.

मग लेव्हल. गवंड्याच्या हातात ती बुडबुड्याची पट्टी असते ना, तीच ट्रेलरवर ठेवायची. डावं-उजवं आधी, आणि तेही ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच. जी बाजू खाली असेल तिच्या चाकापुढे फळी टाकून चाक वर चढवायचं. त्यानंतर दोन्ही चाकांना पुढून-मागून अडकण. आपल्याकडे ट्रकवाले दगड लावतात तेच काम, इथे प्लॅस्टिकची ठोकळी असतात. हे झाल्याशिवाय ट्रेलर गाडीपासून सोडायचा नाही, म्हणजे नाही! उतारावर सुटलेला पाऊण टन एकट्या माणसाला थांबवता येत नाही. बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही.

मग विजेची वायर काढा, साखळ्या काढा, पुढचा जॅक फिरवून ट्रेलरचं नाक बॉलवरून उचला, गाडी पुढे घ्या. त्याच जॅकनं पुढचं-मागचं लेव्हल. शेवटी चार कोपऱ्यांचे पाय खाली.

या चार पायांशी लोकांची फार मस्ती चालते. ते ट्रेलर हलू नये म्हणून असतात, उचलायला नाही. जास्त फिरवले तर खालची चौकट किंचित पिळवटते. साध्या ट्रेलरमध्ये कळतही नाही. ए-फ्रेममध्ये मात्र वरचे सगळे भाग एकमेकांत बसायचे असतात. चौकट पिळली की छपराची दोन टोकं जुळत नाहीत, दार घासतं, आणि माणूस बिचाऱ्या छपराला शिव्या घालतो. छप्पर अडतंय? ढकलू नका. खाली वाका, पाय बघा.

आता छप्पर. दोन अर्धे भाग एकावर एक झोपलेले असतात. लॅच उघडायचे, वरचा भाग आधी ढकलायचा. स्प्रिंग किंवा गॅसचे दट्टे असतात, त्यामुळे थोडं वर गेल्यावर तेच पुढचं काम ओढून नेतात. ताईकडे टोकाला रबर लावलेली एक काठी आणि पायाखाली घ्यायला एक स्टूल आहे. मग खालच्या अर्ध्या दारानं आत शिरून दुसरा भाग वर. दोघांच्या कडा माथ्यावर एकमेकींत अडकतात. लगेच आत आडव्या पडलेल्या त्रिकोणी भिंती उभ्या करायच्या, छपराला लॅच करायच्या, दाराचा वरचा तुकडा लावायचा. झालं! खरंच अर्ध्या-एक मिनिटाचं काम.

त्रिकोणाची गंमत अशी, की त्याच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून इतक्या पातळ पॅनेलचं घर खणखणीत उभं राहतं. पण हे त्रिकोण पूर्ण झाल्यावर. छप्पर वर आणि भिंती अजून आडव्या, हा जो मधला अर्धा मिनिट आहे, तेव्हा तुमच्या हातात घर नसतं. शीड असतं.

टटल क्रीकची रात्र

सिएरा नेवाडाच्या पूर्वेला हायवे ३९५ जातो. लोन पाइन गावाजवळ टटल क्रीक नावाचं कॅम्पग्राउंड आहे. झाडं जवळजवळ नाहीतच, नुसती झुडपं, आणि समोर व्हिटनी. ४,४२१ मीटर, अलास्का सोडला तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच शिखर. ताईची पहिली लांबची ट्रिप इथली. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, त्यामुळे पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आणि वारा सुटला होता. ओवेन्स खोऱ्यातला वारा काय असतो हे तिकडच्यांना विचारा!

तिनं रिव्हर्स घेतलं, लेव्हल केलं, पाय लावले. लॅच उघडून वरचा भाग वीतभर उचलला, आणि तो हातातून वर ओढला जायला लागला. तिनं अंगाचा सगळा भार टाकून तो खाली आणला आणि लॅच लावले. शेजारच्या मोटरहोममधले आजोबा खिडकीतून बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, मी एक बाजू धरतो, तू दुसरी उचल. मदतीचा हात समोर, अंगात थंडी, दिवसभराचं ड्रायव्हिंग. तुम्ही काय केलं असतं?

ती ‘थँक्यू, पण आज नको’ म्हणाली. दोघांनी मिळून कदाचित उघडलंही असतं. पण मध्यरात्री वारा वाढला असता तर बंद करायला ती एकटीच होती. जे एकटीला बंद करता येणार नाही ते उघडायचं नाही, हा नियम तिनं त्या संध्याकाळी केला. सीट मागे पाडून गाडीतच झोपली, चकली आणि सफरचंद खाऊन. रात्री दोनला वारा पडला. पहाटे साडेपाचला तिनं एकटीनं छप्पर उचललं, शेगडीवर पोहे टाकले आणि आजोबांना नेऊन दिले. ‘त्यांनी केचप टाकलं गं!’ एवढीच तिची तक्रार.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सॉलिड गोष्ट हीच. ग्रुपमध्ये ‘नको’ म्हणायची चोरी असते, कारण बाकीच्यांचा मूड जातो. एकटीला परत फिरायलाही कुणाची परवानगी लागत नाही. मावशीला वाऱ्याची गोष्ट मात्र अजून सांगितलेली नाही. (मावशी हा अंक घेत नाही अशी आशा.)

घ्यायची, की भाड्यानं?

आपल्याकडे कारमागे ट्रेलर ओढणारं कुटुंब तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथे भाड्यानं मिळते ती बहुतेक ड्रायव्हरसकट मोठी गाडी. म्हणजे पुन्हा ग्रुप! तेव्हा ए-फ्रेमचा शौक करायचा तर ऑनसाइटला गेल्यावर. तिकडे ‘आउटडोअर्सी’ किंवा ‘आरव्हीशेअर’वर लोक स्वतःच्या कॅम्पर भाड्यानं देतात. घेताना मालकाकडून एकदा नाही, दोनदा उघडून-बंद करून घ्या. दुसऱ्या वेळी त्यांना हात लावू देऊ नका. आणि विमा ट्रेलरला लागू आहे का, हे आधी लेखी विचारा.

सेकंडहँड घ्यायची असेल तर पडदे आणि गाद्या बघून भाळू नका. छप्पर अर्ध्यावर सोडून बघा. दट्टे जुने झाले की दम सोडतात, थंडीत जास्तच, आणि मग सगळं वजन तुमच्या मनगटावर. आधीच्या मालकानं छपरावर सोलर पॅनेल किंवा एसी बसवला असेल तर तेही वजन तुम्हीच उचलणार. कोपऱ्यांतल्या जमिनीवर टाच दाबून बघा. मऊ लागली किंवा कुबट वास आला, तर पाणी आत गेलंय. किंमत कितीही गोड असो, निघा तिथून.

आत शेगडी पेटवाल तेव्हा वरची झडप आणि एक खिडकी उघडी हवी. जागा एवढीशी असते की चहाच्या वाफेनंही भिंतींना घाम फुटतो, आणि जळलेल्या गॅसचा धोका वेगळाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते बटण दाबून बघा. शेगडीवर खोली गरम करायची नाही. थंडी वाजली तर सरळ दुसरी रजई.

बंद करताना सगळं उलट क्रमानं. दार, भिंती, मग जो भाग शेवटी वर गेला तो आधी खाली. सिंकमध्ये कप राहिला असेल तर इथेच कळतं, कारण छप्पर बसत नाही. नंतर गाडी मागे घेऊन बॉल बरोबर कपलरखाली आणायचा. एकट्यानं हे जमवायला चुंबकाच्या दोन काठ्या मिळतात, टोकाला पिवळे चेंडू असलेल्या. एक बॉलजवळ, एक कपलरजवळ उभी करायची. आरशात दोन्ही चेंडू एकमेकांना भिडले की थांबा. साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर नाक रस्त्यावर न आपटता त्यात झेललं जाईल. वायर जोडा, दिवे बघा. चाकांची अडकण सगळ्यात शेवटी काढा. ताई निघण्याआधी आणखी एक फेरी मारते, प्रत्येक लॅचला हात लावून तो लागलाय असं मोठ्यानं म्हणत. आजूबाजूचे बघतात. बघू देत!