पल्ल्याची पारख

अमेरिकेच्या पश्चिम भागात, मोंटाना आणि वायोमिंग या राज्यांतील उघड्या माळरानांवर व डोंगरउतारांवर, एल्क किंवा प्रॉन्गहॉर्न यांच्या शिकारीला जो मनुष्य निघतो, त्याच्या गळ्यात दुर्बिणीच्या जोडीला हल्ली तळहातात मावेल एवढे एक यंत्र असते. आणि बंदुकीच्या घोड्यावर बोट ठेवण्यापूर्वी जो प्रश्न त्याला पडतो, म्हणजे समोरचे जनावर नेमके किती अंतरावर आहे, त्याचे उत्तर ते यंत्र निमिषार्धात अंकांत मांडते. हा लेसर रेंजफाइंडर. त्याचा अंक इतक्या निःशंकपणे समोर येतो की त्याची शहानिशा करण्याची बुद्धी सहसा कोणाला होत नाही. आणि या यंत्राच्या बाबतीत सर्वांत मोलाचे काम जर कोणते असेल, तर ती शहानिशाच होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

पल्ला मोजण्याची निकड जुनीच आहे. १८८८ साली ब्रिटिश युद्धखात्याने पायदळासाठी पल्लामापकाची मागणी जाहीर केली, तेव्हा लीड्स येथील आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या दोन प्राध्यापकांनी एका आडव्या नळीच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या प्रतिमा जुळवून अंतर काढण्याची युक्ती सिद्ध केली, व पुढे ब्रिटिश आरमाराने ती स्वीकारली. तथापि या पद्धतीत अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होत असे. १९६० साली मॅलिबू येथील ह्यूज प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या दंडापासून पहिला लेसर प्रज्वलित केला, आणि अंतर कोनावरून न काढता प्रकाशाच्या प्रवासकालावरून काढण्याचा मार्ग मोकळा झाला. शिकाऱ्याच्या दुर्बिणीत ही सोय आली ती लायका कंपनीच्या ‘जिओव्हिड’बरोबर, १९९२ साली.

यंत्राचे तत्त्व सोपे, कारागिरी मात्र विलक्षण. अदृश्य अवरक्त प्रकाशाचा एक अत्यल्पकालीन स्पंद बाहेर पडतो, लक्ष्यावर आपटतो, आणि त्याचा क्षीण अंश परत येतो. प्रकाशाला एक मीटर जाऊन परत येण्यास सुमारे ६.७ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे मीटरभराची अचूकता हवी असेल तर यंत्रातील घड्याळाला सेकंदाच्या पंधरा कोटीव्या भागाचा हिशेब ठेवावा लागतो. शिवाय परत येणारा प्रकाश भर उन्हात शोधून काढणे आलेच. म्हणून आजची यंत्रे एकाच स्पंदावर विसंबत नाहीत. असंख्य स्पंद सोडून, ज्या अंतराची साक्ष पुनःपुन्हा मिळते तेच ग्राह्य धरतात.

अशा यंत्राची परीक्षा घ्यायची तर प्रथम खात्रीचे अंतर हाताशी पाहिजे. एका रेंजफाइंडरचा अंक दुसऱ्या रेंजफाइंडरशी पडताळणे ही परीक्षाच नव्हे. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजणाऱ्या विल्यम लॅम्बटनने त्या साखळीच्या तपासणीसाठी दुसरी साखळी निराळी राखली होती. हिंदुस्थानच्या त्या महान मोजणीचा हा प्रवर्तक १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तला. प्रमाण निराळे जपून ठेवण्याचा त्याचा तो शिरस्ता रेंजफाइंडरच्या परीक्षकालाही तंतोतंत लागू आहे.

दुसरी परीक्षा किरणाच्या दिशेची, आणि तीच बहुधा टाळली जाते. भिंगात दिसणारी खूण आणि अदृश्य किरण एकाच ठिकाणी पडतात असे आपण गृहीत धरतो. यंत्र तिपाईवर घट्ट बसवावे, मागे निव्वळ आकाश असेल असा एखादा खांब निवडावा, आणि सतत मोजणी चालू ठेवून खूण डावीकडून खांबाकडे अगदी सावकाश सरकवावी. अंक कोठे उमटतो व कोठे लोपतो ते टिपावे, मग हाच क्रम उजवीकडून करावा. दोन्ही बाजूंची नोंद सारखी आली नाही, तर किरण किती व कोणत्या बाजूस ढळला आहे ते कागदावर उतरते. उभ्या दिशेसाठी हीच चाचणी एखाद्या आडव्या दांडीवर करावी. किरण बिंदूसारखा नसून बहुधा लांबट चौकोनी असतो: २ बाय १ मिलिरेडियनचा किरण ८०० मीटरवर १.६ मीटर लांब व ०.८ मीटर उंच पसरतो. आता निरीक्षकाचा डोळा सपाट माळापासून पाच मीटर उंचीवर आहे आणि त्याचा किरण ८०० मीटरवरील प्रॉन्गहॉर्नच्या पाठीवरून, जमिनीपासून एक मीटर उंचीने, निसटून गेला असे समजा; तो थेट २०० मीटर मागे जमिनीला टेकेल, आणि यंत्र तितक्याच निःशंकपणे १००० हा अंक दाखवील.

पेटीवर छापलेला कमाल पल्ला बहुधा परावर्तक पाटीवरचा असतो. हरणाची काळपट, ओलसर कातडी प्रकाशाचा फार थोडा अंश परत पाठवते. म्हणून तिचा पल्ला त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. सायंकाळी जे यंत्र दूरवर पोहोचते तेच माध्यान्हीच्या उन्हात थकते, आणि धुक्यात तर पुढच्या बाष्पालाच लक्ष्य समजते.

या चुकांची किंमत जनावर भोगते. .३०८ जातीच्या काडतुसाची गोळी ३०० मीटरच्या आसपास असताना दहा मीटरांची चूक चार-पाच सेंटिमीटरांत निभावते. १००० मीटरवर तीच चूक वीस-पंचवीस सेंटिमीटरांची होते, म्हणजे मर्मस्थानावर धरलेला नेम चुकतो आणि जनावर जखमी होऊन रानात मरते. डोंगरउतारावर आणखी एक हिशेब असतो: तीस अंशांच्या कोनात ४०० मीटर दिसणारे अंतर गोळीच्या पतनाच्या दृष्टीने सुमारे ३४६ मीटरच धरावे लागते. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबाने आपल्या नेमबाजीचा कस पाहण्यासाठी जनावरावर दुरून गोळी झाडण्यास विरोध केला आहे, तो मला सर्वथा न्याय्य वाटतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आता हौशी शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. परंतु हेच यंत्र ताडोबा, मेळघाट, पेंच येथील वनरक्षकांच्या हाती आले आहे. व्याघ्रगणनेच्या वेळी आखलेल्या रेषेवरून पहाटे चालताना चितळांचा कळप दिसला की रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा नोंदतात, आणि त्यावरून तृणभक्षकांची घनता काढतात. अंतरे दहा टक्के जास्त नोंदली गेली तर घनता सुमारे नऊ टक्के कमी निघते. पुढ्यातील गवताची काडी किंवा बांबूची फांदी किरण अडवू शकते, म्हणून मागच्या लक्ष्याचा अंक घेण्याची सोयही येथे आवर्जून तपासावी लागते. तेव्हा वनखात्याने प्रत्येक गणनेपूर्वी परिक्षेत्र कार्यालयाच्या आवारात पोलादी फितीने दहा, तीस, पन्नास व शंभर मीटरवर खुंट्या रोवून, त्यांवर तपकिरी गोणपाट बांधून, प्रत्येक यंत्र त्यासमोर धरावे, आणि त्याची नोंद दफ्तरात ठेवावी, ही माझी विनंती आहे.