गिनीपिगच्या आहारात ताज्या रानगवताचे महत्त्व

गिनीपिग हा प्राणी आपल्याकडे प्रथम परिचित झाला तो प्रयोगशाळेमुळे. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू शोधून काढला, तेव्हा त्यांच्या प्रयोगांत याच प्राण्याचा उपयोग झाला होता. अलीकडे मात्र मुलांच्या हौसेखातर ससा व पांढरे उंदीर यांप्रमाणे गिनीपिगही घरी पाळले जातात. हा प्राणी शांत, निरुपद्रवी व लवकर माणसाळणारा आहे. परंतु त्याच्या आहारासंबंधी अनेक गैरसमज आढळतात. तांदूळ, भिजविलेले हरभरे, पोळीचे तुकडे किंवा बिस्किटे घातली म्हणजे त्याचे पोट भरले आणि हिरवे गवत मिळाले तर उत्तम, न मिळाले तरी चालेल, अशी समजूत असते. ही समजूत त्या प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.

मूळ प्रदेश व शरीररचना

गिनीपिगचा गिनी देशाशी संबंध नाही आणि तो डुकराच्या जातीचाही नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या पेरू, बोलिव्हिया व इक्वेडोर या देशांत, तेथील लोकांनी हा कृंतक प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळविला. शेताच्या कडेचे गवत व लसूणघास हेच तेथे त्याचे मुख्य खाद्य होय.

त्याची शरीररचनाही गवतासाठीच घडलेली आहे. त्याचे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. गवतातील चरबरीत तंतू सतत चावल्यानेच त्यांची झीज होते. मऊ दाणे व पोळी यांवर ठेवलेल्या प्राण्याचे दात वाढून गालात व जिभेत रुततात आणि त्याला खाणेच अशक्य होते. त्याचे अंधांत्रही मोठे असून तेथील सूक्ष्म जीव तंतुमय चाऱ्याचे पचन करतात. चारा थांबला की पचनाचे सारे कार्य बिघडते.

जीवनसत्त्व ‘क’ची गरज

गाय, शेळी, कुत्रा, ससा इत्यादी प्राणी आपल्या शरीरात जीवनसत्त्व ‘क’ तयार करतात. मनुष्य व गिनीपिग यांना ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक विकर त्यांच्या शरीरात तयार होत नाही. म्हणून हे जीवनसत्त्व त्यांना रोजच्या अन्नातूनच मिळावे लागते.

ही गोष्ट उघडकीस आली ती एका वेगळ्याच शोधातून. नॉर्वेतील अॅक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रोलिश हे दोन संशोधक बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले. अपेक्षा बेरीबेरीची होती. परंतु प्राण्यांना जडला तो खलाशांना होणारा स्कर्व्ही. ताजा भाजीपाला देताच रोग हटला. त्यांचे हे निष्कर्ष 1907 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे जीवनसत्त्व ‘क’च्या शोधाचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. ज्या घरी आज गिनीपिगला फक्त दाणे व पोळी दिली जाते, तेथे नकळत तोच प्रयोग पुन्हा केला जात असतो.

प्रौढ गिनीपिगला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दररोज सुमारे 10 मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’ लागते. गाभण मादीस याच्या सुमारे तिप्पट गरज असते. पुरवठा अजिबात बंद झाल्यास सुमारे दोन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. प्राणी मंद होतो, उचलताना ओरडतो, सांधे सुजल्याने लंगडतो, केस राठ होतात व हिरड्यांतून रक्त येते. वेळीच उपाय न झाल्यास तीन ते चार आठवड्यांत तो दगावतो. पुष्कळदा पाय मुरगळला असावा असे समजून घरचे लोक त्याचे पाय शेकतात आणि मूळ कारण तसेच राहते.

बालाघाट परिसरातील उपयुक्त गवते

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा महाराष्ट्राच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांना लागून आहे. वैनगंगेचे खोरे, भाताच्या बांध्या, तलाव आणि सातपुड्याचे जंगल असे या प्रदेशाचे स्वरूप असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंची गवतेही बहुतांशी सारखीच आहेत. पावसाळ्यात येथे हिरव्या चाऱ्याला तोटा नसतो.

हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा, ही सर्वांत सोयीची. ती अंगणात व धुऱ्यावर बारमाही सापडते आणि ओळखण्यातही चूक होत नाही. मारवेल व पवन्या ही गवते कोवळी असताना उत्तम. बांधीतील सावा व ओलसर जागेतील केना हेही प्राणी आवडीने खातो. कुसळी गवत मात्र फुलोऱ्यापूर्वीच कापावे. पुढे त्याची टोकदार कुसळे तोंडात, हिरड्यांत व डोळ्यांत शिरून जखमा करतात.

गवतासाठी जंगलात जाण्याचे कारण नाही. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग याच जिल्ह्यात असून, तेथून गवत आणण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये मनाई आहे. एका छोट्या प्राण्यास परसातील गवत पुरेसे होते.

कोणत्या वनस्पती टाळाव्यात

घाणेरी, रुई, धोतरा, कण्हेर, एरंड, गाजरगवत आणि तलावाच्या काठी माजणारी बेशरम या वनस्पती विषारी आहेत. त्यांचे एखादे पानही गवतात येऊ देऊ नये. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी गुरांना किराळ लागते, हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. लहान प्राण्यास तर तो धोका अधिकच. भातानंतर बांधीत येणाऱ्या लाखोळीत मज्जासंस्थेस अपायकारक द्रव्य असल्याने तीही देऊ नये. जी वनस्पती ओळखता येत नाही, ती न देणे हाच सुरक्षित नियम होय.

जागेचीही निवड महत्त्वाची आहे. कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलेल्या बांधीच्या धुऱ्यावरील, युरिया नुकताच टाकलेल्या शेतातील, तसेच वाहनांची वर्दळ असलेल्या रस्त्याच्या कडेचे गवत घेऊ नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग माणसालाही होतात. म्हणून बांधीतील साचलेल्या पाण्यातले गवत टाळावे.

गवत देण्याची पद्धत

गवत विळ्याने कापून स्वच्छ पाण्याने धुवावे व निथळल्यावर लगेच घालावे. ढीग करून ठेवलेले ओले गवत तापते, त्यास बुरशी येते आणि त्यातील जीवनसत्त्वही झपाट्याने कमी होते. यंत्राने बारीक कापलेले गवत लवकर आंबते. ते देऊ नये.

ज्या प्राण्याला हिरव्या चाऱ्याची सवय नाही, त्याला पहिल्या दिवशी चिमूटभरच गवत घालावे आणि आठवडाभरात प्रमाण वाढवीत न्यावे. एकदम भरपूर दिल्यास हगवण लागते. सवय झाल्यावर सकाळ-संध्याकाळ मूठमूठभर ताजे गवत द्यावे व सुके गवत सदैव समोर ठेवावे. उरलेले हिरवे गवत रोज काढून टाकावे.

उन्हाळ्यातील तजवीज

खरी अडचण येते ती होळीनंतर. वैशाखातील उन्हाने माळ करपतात आणि सुकलेल्या गवतात जीवनसत्त्व ‘क’ जवळजवळ उरत नाही. ही तजवीज आधीच करावी लागते. पाऊस संपताच कोवळे गवत कापून, वाळवून, कोरड्या जागी साठवावे. ते दातांसाठी व पचनासाठी उपयोगी पडते. भाताची तणस अंथरण्यास योग्य असली, तरी तिच्यावर प्राण्याचे पोषण होत नाही.

ताज्या गवतासाठी नवरात्रातील घटाप्रमाणे टोपलीत गहू रुजवावेत व सावलीत रोज पाणी शिंपडून वाढवावेत. दर तीन-चार दिवसांनी नवी टोपली पेरल्यास क्रम तुटत नाही. सांडपाण्यावर वाढलेली घरची हरळीही चालेल; परंतु ते पाणी साबणाचे नसावे. जोडीला कोथिंबीर, ढोबळी मिरचीचा तुकडा किंवा पेरूची लहान फोड द्यावी. पिण्याच्या पाण्यात औषधी गोळी विरघळवून ठेवल्यास तिचा गुण लवकर नाहीसा होतो. त्या उपायावर विसंबू नये. या प्राण्यास उष्णताही सोसत नाही. तापमान 30 अंशांवर गेले की त्याचा पिंजरा घरातील थंड, हवेशीर जागी हलवावा.

प्राण्याने दिवसभर काहीही न खाल्ल्यास किंवा तो लंगडू लागल्यास विलंब न लावता पशुवैद्यकास दाखवावे. घरातील पेनिसिलिनसारखी औषधे स्वतःच्या बुद्धीने देऊ नयेत. त्यांनी अंधांत्रातील उपयुक्त सूक्ष्म जीव नष्ट होऊन गिनीपिग दगावतो.

मुलांच्या हट्टाने प्राणी घरी येतो. पण त्याची जोपासना पाच ते आठ वर्षे करावी लागते. रोज मूठभर स्वच्छ हरळी खुडून आणण्याचे काम मुलांवरच सोपवावे. गवत ओळखण्याची, ऋतू पाहून सोय करण्याची आणि मुक्या जिवाची गरज वेळेवर भागविण्याची सवय त्यांना त्यातून आपोआप लागेल.