नाव सापडत नाही तेव्हा

देवनहळ्ळी हे बंगळूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवरचे जुन्या किल्ल्याचे गाव. टिपू सुलतानाचा जन्म येथला. राज्यातील अनेक गावांची नावे त्याने बदलली, तसे आपल्या या जन्मगावाचेही यूसुफाबाद केले. परंतु लोकांच्या जिभेने ते स्वीकारले नाही आणि देवनहळ्ळी ती देवनहळ्ळीच राहिली. २००८ साली येथे मोठा विमानतळ सुरू झाला. २०१३ साली त्याला केंपेगौडांचे नाव मिळाले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात खुद्द शहराचे अधिकृत नावही बेंगळूरु असे झाले. इतकी स्थित्यंतरे झाली, तरी प्रवाशांच्या सामानावर चिकटवतात त्या चिठ्ठीवर बीएलआर ही तीन अक्षरे मात्र तशीच राहिली आहेत. नावे बदलली, खूण कायम राहिली.

कचेरीतील संगणकांच्या जगात याच्या नेमके उलट घडते. तेथे नाव कायम असते आणि खूण बदलते. प्रत्येक संगणकाला जाळ्यात एक क्रमांक असतो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. एक संगणक दुसऱ्याशी बोलतो तो या क्रमांकाच्या आधारे, नावाच्या नव्हे. पण माणसाच्या लक्षात क्रमांक राहत नाहीत, आणि कचेरीतील बहुतेक यंत्रांना ते ठरावीक मुदतीसाठीच दिलेले असल्यामुळे आज आहे तो उद्या असेलच असेही नाही. म्हणून आपण नावे ठेवतो, आणि नावाचा क्रमांक शोधून देण्याचे काम यंत्रांवर सोपवतो. हे काम बिनबोभाट चाललेले असते तोवर ते चालले आहे याचीही आपल्याला दाद नसते. ते बिघडले म्हणजे काय होते, आणि कोठे पाहावे लागते, हे मी माझ्याच एका चुकीच्या आधारे सांगणार आहे.

आमची कचेरी देवनहळ्ळीत एका इमारतीच्या दोन मजल्यांवर आहे. सर्व फाइली एका सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. गच्चीवरून नंदीचा डोंगर दिसतो, म्हणून त्या सर्व्हरचे नाव कोणीतरी ‘नंदी’ ठेवले आहे. एका मे महिन्याच्या अखेरीस एका निवृत्त शिपायाच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण पाठवावयाचे होते. ते काम खालच्या मजल्यावरील एका तरुण कारकुनाकडे होते. दोन दिवस झाले तरी प्रकरण हलेना. विचारले की तो म्हणे, “सर, नंदी सिगता इल्ला.” म्हणजे, नंदी सापडत नाही. मी वर माझ्या खोलीत जाऊन पाहिले, तर माझ्या यंत्रावर नंदी लगेच उघडला. कामचुकारपणाची सबब, असे मी ठरवले आणि त्याच्याकडून लेखी खुलासा मागणारा मेमो काढला. खाली उतरून त्याच्या यंत्रासमोर बसण्याचे मला सुचले नाही. वरिष्ठांना ते सहसा सुचत नाही.

नाव शोधण्याच्या रीती तीन. पहिली, संगणक स्वतःच्या टिपणवहीत पाहतो. ‘होस्ट्स’ या नावाची एक छोटी फाइल प्रत्येक संगणकात असते, आणि नुकत्याच मिळालेल्या उत्तरांची नोंदही त्याने थोडा वेळ जपलेली असते. दुसरी रीत म्हणजे, नावांची यादी सांभाळणाऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारणे. आणि विंडोज प्रणालीत तिसरी रीत म्हणजे, सरळ हाक मारणे: “नंदी कोण आहे? त्याने आपला क्रमांक सांगावा.” वाड्याच्या चौकात उभे राहून कोणाला हाक मारावी तसाच हा प्रकार. मात्र चौकातली हाक चौकापुरतीच. जाळ्याचे दोन भाग करून मध्ये राउटर बसवला असेल, तर त्या भिंतीपलीकडे ही हाक जात नाही. आमच्या दोन मजल्यांचे असेच दोन भाग होते, आणि नंदी वरच्या भागात होता. हे मला माहीत होते. परंतु माहीत असणे आणि वेळेवर आठवणे यांत अंतर पडते.

या तीन रीतींपैकी टिपणवही सर्वांत जुनी. अमेरिकेतील अर्पानेट या आरंभीच्या जाळ्यात सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर या विदुषीच्या देखरेखीखाली ती फाइल राखली जाई, आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली, आणि १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची योजना मांडली. तीत संपूर्ण यादी कोणा एकाजवळ नसते. ज्याने त्याने आपापल्या शाखेची यादी राखायची आणि इतरांना तिचा रस्ता दाखवायचा. आपल्या देशाची .in ही शाखा पूर्वी मुंबईस जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ पासून तिची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत ‘.भारत’ ही शाखा निघाली आणि मराठी अक्षरांतही जागतिक पत्ता लिहिता येऊ लागला. परंतु एखाद्या कचेरीने आपल्या चार भिंतींच्या आत ठेवलेले ‘नंदी’सारखे नाव या जागतिक यादीत कोठेच नसते. त्याची माहिती फक्त त्या कचेरीच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरला असते. आमच्या प्रकरणाची सारी गुरुकिल्ली येथे होती.

मेमो दिल्यावर तिसऱ्या दिवशी कारकुनाने उत्तर आणून दिले. त्यात तक्रार नव्हती. कोणत्या वेळी नंदी सापडला आणि कोणत्या वेळी नाही, याच्या नोंदी तेवढ्या होत्या. त्या वाचून मी खाली गेलो.

अशा वेळी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: बिघाड नावाचा आहे की रस्त्याचा? त्यासाठी संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा ‘ऑल’ या जोडशब्दासह देऊन त्याचा स्वतःचा क्रमांक पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला जाळ्याकडून क्रमांकच मिळालेला नाही. तेथे नावाचा विचार सोडून केबल, स्विच आणि क्रमांक वाटणारी यंत्रणा तपासावी. क्रमांक ठीक असेल, तर ज्याला गाठायचे त्याच्या क्रमांकाला ‘पिंग’ करावे, आणि मग त्याच्या नावाला. क्रमांकाने पोहोचतो आणि नावाने पोहोचत नाही, असे झाले तर दोष नावाचा. येथे एक चकवा आहे. पुष्कळ यंत्रांची संरक्षक भिंत पिंगला उत्तरच देत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की नाव सापडले नाही. म्हणून उत्तराकडे न पाहता पहिल्या ओळीकडे पाहावे. नावापुढे क्रमांक उमटला असेल, तर नावाचे काम झाले. पुढचा अडथळा वेगळा आहे.

कारकुनाच्या यंत्रावर नंदीच्या क्रमांकाला पिंगचे उत्तर आले. नावाला मात्र ‘असे यंत्र सापडत नाही’ असा जबाब मिळाला. दोष नावाचा ठरला. मग मी ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा दिली. ती थेट डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारते. तिने नंदीचा अचूक क्रमांक दिला! एकाच यंत्रावर एक आज्ञा म्हणते नाव आहे, दुसरी म्हणते नाही. मी क्षणभर चक्रावलो. याचा उलगडा असा की एनएसलुकअप टिपणवही पाहत नाही, हाक मारत नाही, आणि डीएनएस सर्व्हरांच्या यादीत जो पहिला असेल त्यालाच साधारणपणे विचारते. संगणक मात्र पहिल्याकडून वेळेत उत्तर आले नाही तर दुसऱ्याकडे वळतो, आणि एकदा वळला की काही काळ त्यालाच धरून राहतो.

दुसरा कोण होता? यादीत पहिला क्रमांक कचेरीच्या सर्व्हरचा आणि दुसरा बाहेरच्या एका सार्वजनिक सेवेचा होता. तो दुसरा क्रमांक मीच, चार महिन्यांपूर्वी, सर्व यंत्रांना वाटला जाईल अशी व्यवस्था करून घातला होता. हेतू चांगला होता: आपला सर्व्हर बंद पडला तरी लोकांचे इंटरनेट अडू नये. एनएसलुकअपने मी त्या दुसऱ्यालाच मुद्दाम नंदीविषयी विचारले. त्याने तत्काळ, अत्यंत सभ्यपणे सांगितले की असे नाव अस्तित्वात नाही. त्याच्या दृष्टीने ते खरेच होते.

घोटाळ्याचे मूळ येथे आहे. दुसरा सर्व्हर हा पहिल्याचा पूरक आहे, पहिल्याला न आलेले उत्तर तो देईल, अशी आपली समजूत असते. संगणक तसे समजत नाही. यादीतील सर्वजण सारखेच जाणते आहेत असे तो धरून चालतो. उत्तर न येणे वेगळे आणि ‘नाही’ असे उत्तर येणे वेगळे. उत्तर आले नाही तर तो पुढच्याला विचारतो. ‘नाही’ असे ठाम उत्तर आले की डीएनएसचा शोध संपला, आणि ते ‘नाही’ही तो थोडा वेळ वहीत टिपून ठेवतो. आमचे जुने डीएनएस यंत्र महिनाअखेरीच्या गर्दीत उत्तरास उशीर लावी. मेमधील वळवाच्या पावसात वीज जाऊन आली की जागे होण्यास त्याला पाच-सात मिनिटे लागत, आणि कारकुनांची नवी यंत्रे तर मिनिटभरात सज्ज होत. तेवढ्यात ती बाहेरच्याला विचारून नकार पदरात पाडून घेत. कारकुनाच्या नोंदींतील वेळा विजेच्या खेळखंडोब्याशी तंतोतंत जुळत होत्या.

मग माझ्या यंत्रावर नंदी कसा उघडला? हाकेने. माझी खोली वरच्या मजल्यावर, नंदीच्याच चौकात. डीएनएसने नाही म्हटले तरी हाक त्याला पोहोचत होती. खालच्या मजल्याची हाक राउटरशी थांबत होती. खात्रीसाठी पुढच्या वेळी वीज जाऊन आल्यावर मी माझ्या यंत्रावर, हाकेला न चालणारे, शाखेसह पूर्ण लिहिलेले नंदीचे नाव विचारले. तेव्हा त्यानेही हात वर केले.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. बाहेरचा क्रमांक यंत्रांच्या यादीतून काढला आणि तो कचेरीच्या डीएनएस सर्व्हरलाच दिला, म्हणजे ज्या नावांची त्याला स्वतःला माहिती नाही ती तो बाहेर विचारील. मग ‘आयपीकॉन्फिग’ला ‘फ्लशडीएनएस’ हा जोडशब्द देऊन प्रत्येक यंत्राची जुनी टिपणे पुसली. डीएनएस यंत्राला चांगली बॅटरी लावली. दुसरा सर्व्हर हवाच होता. तो नंतर कचेरीतच, तीच यादी बाळगणारा असा घेतला.

घाईचा एक उपाय तंत्रज्ञ मंडळी नेहमी सुचवतात, तो म्हणजे नंदीचा क्रमांक त्या यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहून टाकणे. काम त्या क्षणी चालू होते हे खरे. पण वर्षभराने सर्व्हरचा क्रमांक बदलला, की तेवढे एकच यंत्र जुन्या पत्त्यावर चकरा मारत राहते, आणि ती ओळ कोणी लिहिली हे कोणालाही आठवत नाही. एकच यंत्र सदा चुकत असेल तर प्रथम ती फाइल उघडावी. एका मजल्याची सर्व यंत्रे एकदम चुकू लागली, तर कोणी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या खोबणीत जोडला आहे का ते शोधावे. तो मुकाट्याने आपलेच क्रमांक वाटू लागतो आणि डीएनएस म्हणून स्वतःकडे बोट दाखवतो. आणि एका यंत्राची हुबेहूब प्रत करून दुसरे तयार केले असेल, तर दोघांची नावे एकच राहिली नाहीत ना, तेही पाहावे.

मेमो मी त्याच संध्याकाळी लेखी मागे घेतला, आणि मागे घेण्याचे कारण, म्हणजे माझ्या हातून झालेला बदल, त्यात स्पष्ट नोंदवला. त्या बाईंचे प्रकरण मात्र मे महिन्यात जाऊ शकले नाही. ते जूनच्या पहिल्या आठवड्यात गेले. तोवर त्या दोनदा कचेरीत येऊन गेल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांना ‘संगणक बंद आहे’ असे सांगण्यात आले होते.