एका जनुकाची तीस वर्षं

मोटर न्यूरॉन डिसीज हे नाव आपल्याकडे बहुतेकांना स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे ठाऊक आहे. पण हॉकिंग हे या आजारातले अपवाद. 1963 मध्ये, एकविसाव्या वर्षी निदान झाल्यावर ते पुढे पंचावन्न वर्षं जगले. एरवी लक्षणं दिसू लागल्यापासून बहुतेक रुग्णांच्या हाती दोन ते पाच वर्षं असतात. शर्टाचं बटण लागेनासं होतं, सपाट रस्त्यावर पाय अडखळतो, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. माणूस मात्र बहुतेकदा शेवटपर्यंत सगळं समजत असतो.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी 1869 मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं कारणाचा पत्ता नव्हता. मी रीतसर वैद्यक शिकलेलो नाही. मूळ शोधनिबंध मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची सवय मात्र आहे. त्या वाचनात एक नाव पुन:पुन्हा समोर येत राहिलं. ते म्हणजे पूर्वी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये असलेले चेताविकारतज्ज्ञ रॉबर्ट ब्राऊन. या आजारावर त्यांनी सारी कारकीर्द खर्च केली.

शंभर रुग्णांमधल्या पाच ते दहांच्या घरात हा आजार आधीही कुणाला तरी झालेला असतो. ब्राऊन आणि त्यांचे सहकारी यांनी नेमकी हीच घराणी धरली. पद्धत अशी : एका कुटुंबातल्या आजारी आणि निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं आणि गुणसूत्राचा कोणता तुकडा आजाराबरोबर पिढ्यानपिढ्या प्रवास करतो ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हा आजार बहुधा पन्नाशी-साठीत उगवतो आणि माणसाला लवकर नेतो. म्हणजे आजारी मुलाचं रक्त मिळतं तेव्हा आजारी वडील जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात, आणि नातवंडं अजून इतकी लहान की त्यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. एका घरात एका वेळी रक्त देऊ शकणारे दोन-तीन रुग्ण मिळाले तरी नशीब. म्हणून अनेक संस्थांनी आपापली कुटुंबं एकत्र केली. टीपू सिद्दीक हे त्यातले प्रमुख संशोधक. पाकिस्तानातून अमेरिकेत गेलेले हे चेताविकारतज्ज्ञ. 1991 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालच्या निबंधानं आजाराचा माग एकविसाव्या गुणसूत्रापर्यंत नेला.

या गटात रॉबर्ट हॉर्विट्झही होते. कृमींवरच्या संशोधनासाठी पुढे 2002 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या वडिलांचा मृत्यू याच आजारानं झाला होता.

मार्च 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये उत्तर छापून आलं. तेरा कुटुंबांमध्ये अकरा वेगवेगळे बिघाड, सगळे एकाच जनुकात. त्याचं नाव एसओडी-1. हे जनुक ज्या विकराची कृती सांगतं, ते विकर प्राणवायूपासून तयार होणारा एक घातक रेणू निकामी करतं. हे काम 1969 पासून माहीत होतं. साहजिकच पहिला तर्क असा झाला की विकर कमी पडतं, घातक रेणू साठतात आणि पेशी मरतात. मग विकराची उणीव भरून काढली की झालं!

पुढच्याच वर्षी एका उंदरानं हा तर्क मोडला. त्याच्यात माणसाचं बिघडलेलं एसओडी-1 जनुक घातलं होतं. त्याचं स्वत:चं चांगलं जनुक शाबूत होतं, विकराचं काम कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्याचे पाय लुळे पडले. 1996 मध्ये उलटा प्रयोग झाला. एसओडी-1 अजिबात नसलेल्या उंदरांना हा आजार झालाच नाही. म्हणजे खोट उणिवेत नव्हती. वेडंवाकडं घडलेलं प्रथिन स्वत:च विष होत होतं. मला ही साऱ्या कथेतली सर्वांत मोलाची पायरी वाटते, कारण इथे उपचाराची दिशाच फिरली. आता काही भरून काढायचं नव्हतं, जनुकाला गप्प करायचं होतं.

दरम्यान एकाच जनुकातले बिघाडही सारखे नाहीत हे दिसत गेलं. उत्तर अमेरिकेत सर्वाधिक आढळणारा ए-4-व्ही हा बिघाड माणसाला साधारण वर्ष-दीड वर्षात संपवतो. स्कँडिनेव्हियात आढळणारा डी-90-ए मात्र सहसा आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो, आणि तोही संथ चालतो. ब्राऊन यांच्या गटानं 2009 मध्ये एफयूएस हे आणखी एक जनुक शोधलं. त्याच अंकात लंडनच्या एका गटानंही तेच जनुक जाहीर केलं. जनुकांची यादी वाढत गेली, औषध मात्र येत नव्हतं.

ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या पाठीवर जनुक गप्प करणारा रेणू लादून तो दोन रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडला; त्याचा निबंध 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या रुग्णाला चेतामुळांचा दाह झाला. दुसऱ्याला आधीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन हा त्रास टाळता आला. वाट आहे, पण निसरडी आहे, एवढं त्यातून कळलं.

बाजारात पोचलं ते दुसऱ्या गटांनी घडवलेलं टोफरसन. पेशीतला जनुकाचा निरोप वाचला जाण्याआधीच नष्ट करणारा हा रेणू पाठीच्या कण्यातून टोचतात. 108 रुग्णांवरच्या चाचणीत अठ्ठावीस आठवड्यांनंतर अपेक्षित फरक दिसला नाही. मरणाऱ्या चेतापेशींतून रक्तात झिरपणारं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन मात्र स्पष्ट घटलं. त्याच आधारावर अमेरिकेच्या औषध नियामकांनी एप्रिल 2023 मध्ये सशर्त परवानगी दिली. जनुक सापडल्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती. आणि हे औषध चालतं ते एकूण रुग्णांपैकी शंभरातल्या जेमतेम दोघांना.

त्या दोघांच्या घरातला प्रश्न मात्र आता बदलला आहे. आई किंवा वडिलांना असा आजार असेल तर मुलाकडे तो बिघाड येण्याची शक्यता बहुधा निम्मी असते. 1993 नंतर ते रक्त तपासून कळू शकत होतं. पण कळून करायचं काय? अनेकांनी तपासणी नाकारली आणि ते मला पूर्ण समजण्यासारखं वाटतं. 2021 मध्ये सुरू झालेली एक चाचणी आजारी नसलेल्यांवरच चालली आहे. झपाट्यानं वाढणारा बिघाड असलेली, पण धडधाकट असलेली ही माणसं ठरावीक काळानं रक्त देतात. न्यूरोफिलामेंट चढू लागलं की, शर्टाचं बटण अजून नीट लागत असतानाच, सुई सुरू करायची की नाही, हे तिथे ठरतं.