राजपूत, गाझी आणि कावळ्याची फांदी

बारामती-इंदापूरच्या लोकांना समुद्राची गोष्ट सांगायची म्हणजे जरा धाडसच. आपला समुद्र म्हणजे उजनी! पण उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर दिसतं. समुद्राचं पाणी काही तसं उतरत नाही. तिथे काय घडलं हे पुरावा आणि तर्क यांच्यावरच ठरवावं लागतं. आज अशाच एका घटनेविषयी आणि एका जुन्या विनाशिकेविषयी बोलू.

ही नौका स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला बांधली गेली. १९४२ मध्ये ती 'एचएमएस रॉदरहॅम' या नावाने ब्रिटिश नौदलात आली. दुसऱ्या महायुद्धात ती हिंदी महासागरात होती. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा ती सिंगापूरला पोहोचली होती. १९४९ मध्ये ती भारताकडे आली आणि 'आयएनएस राजपूत' झाली. तिच्याच वर्गातल्या आणखी दोन नौका 'रणजित' आणि 'राणा' झाल्या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्या मोहिमेत राजपूत विक्रांतच्या ताफ्यात होती.

१९७१ पर्यंत ती म्हातारी झाली होती. आणि नेमकी तेव्हाच तिला सर्वांत अवघड कामगिरी मिळाली. पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी आपल्या विमानवाहू विक्रांतच्या शोधात बंगालच्या उपसागरात आली होती. विक्रांत अंदमानकडे सुरक्षित होती. व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांनी युक्ती केली. राजपूतने विक्रांतचं सोंग घ्यायचं! भरपूर बिनतारी संदेश पाठवायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की मोठं जहाज इथेच आहे.

३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली राजपूत विशाखापट्टणम बंदरातून निघाली. पाण्यात संशयास्पद हालचाल दिसली. तिने दोन डेप्थ चार्ज टाकले, म्हणजे ठरावीक खोलीवर जाऊन फुटणारी स्फोटकं, आणि ती पुढे गेली. मध्यरात्र उलटल्यावर किनाऱ्यावर प्रचंड स्फोट ऐकू आला. गाझी बुडाली. आतली नव्वदहून अधिक माणसं गेली.

आता प्रश्न असा, की गाझी कुणी बुडवली? आपण म्हणतो, राजपूतने. पाकिस्तान म्हणतो, अपघात झाला. आपल्या नौदलाच्या इतिहासलेखनातही पुढे दुसऱ्या शक्यतांची चर्चा झाली आहे. पाणबुडीच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो साचला तर पेट घेऊ शकतो. शिवाय गाझीवर सुरुंग होते.

आपल्याकडे म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. न्यायशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. तुम्ही शेतातली मोटार चालू केली आणि त्याच क्षणी डीपी उडाली, तर ती तुमच्याच मोटारीने उडवली का? असेलही. पण आधी दुसऱ्यांच्या मोटारी, जुनं तेल, सगळं बघावं लागेल. 'त्याच्यानंतर' झालं म्हणजे 'त्याच्यामुळे' झालं, असं होत नाही. वेळ जुळते का, जागा जुळते का, घाव बाहेरून आहे की आतून, हे तपासावं लागतं.

कुणी म्हणेल, सर, हे बोलणं म्हणजे आपल्या जवानांचा मान कमी करणं नाही का? मी म्हणतो, उलट आहे. फांदी कावळ्याने मोडली की नाही, यावर वाद आहे. पण जुनाट नौकेवरची ती माणसं आमिष म्हणून, काळोखात, पाणबुडी टपून बसली असण्याची शक्यता असलेल्या पाण्यात गेली, यावर वाद नाही. विक्रांत वाचली, तिची विमानं पूर्व आघाडीवर लढली, यावरही वाद नाही. शौर्य त्या निघण्यातच होतं. स्फोट कशाने झाला, यावर ते अवलंबून नाही.

१९७६ मध्ये राजपूत सेवेतून गेली. गाझी अजून तळाशीच आहे. आपण आपल्या माणसांचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त जेवढं सिद्ध झालंय तेवढंच 'सिद्ध' म्हणावं. तेवढंही पुरेसं मोठं आहे.