विमानमार्गाचे अंतर व प्रवासकाल

दोन विमानतळांमधील अंतर निश्चित असले, तरी त्यांमधील प्रवासकाल निश्चित नसतो. लंडन व न्यूयॉर्क यांमधील बृहद्वृत्तावरील, म्हणजे भूपृष्ठावरील लघुतम, अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे. परंतु विमान ज्या हवेतून जाते ती हवा स्वतःही गतिमान असते. उत्तर अटलांटिकवर सुमारे १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह लंडनकडे येणाऱ्या विमानास साहाय्यक, तर न्यूयॉर्ककडे जाणाऱ्यास बाधक ठरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हा प्रवास ४ तास ५६ मिनिटांत पूर्ण केला, तो याच प्रवाहाच्या बळावर.

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो, ही समजूत मात्र गणिताच्या कसोटीस उतरत नाही. विमानाचा हवेच्या सापेक्ष वेग ताशी ९०० व वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटर मानल्यास, चढ-उताराचा काळ वगळता, पूर्वेकडील प्रवासास ५ तास ३३ मिनिटे, तर पश्चिमेकडील प्रवासास ६ तास ५६ मिनिटे लागतात. ही बेरीज १२ तास २९ मिनिटे होते. वारा नसता तर ती १२ तास २० मिनिटेच झाली असती. प्रतिकूल वाऱ्यात विमानास अधिक काळ राहावे लागते, हेच याचे कारण होय.

सबब लघुतम अंतराचा मार्ग हाच लघुतम काळाचा मार्ग असतो असे नाही. इंधनाचा हिशेबही नकाशावरील अंतरावरून नव्हे, तर हवेतून प्रत्यक्ष कापाव्या लागणाऱ्या अंतरावरूनच करावा लागतो.