इंजिन धुवायचे ३०० आणि एका चुकीचे ९०००



अकोले तालुक्यात वॉशिंग सेंटर टाकायचा विचार करताय? जागा चांगली आहे. कोल्हार-घोटी रस्त्याने पावसाळ्यात भंडारदरा, रंधा धबधबा, कळसूबाईला गाड्यांची रीघ लागते. परतताना प्रत्येक गाडी चिखलाने माखलेली असते. अशा वेळी गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "दादा, बॉनेट उघडून इंजिनपण मारा जरा."

इथेच नवीन माणूस फसतो. प्रेशर गन उचलतो आणि थेट इंजिनवर मारतो. समजा, तुम्ही इंजिन धुवायचे ३०० रुपये घेता. पाणी अल्टरनेटरमध्ये किंवा सेन्सरच्या कनेक्टरमध्ये शिरलं, गाडी बंद पडली आणि ९००० भरून द्यावे लागले, तर ३० गाड्यांची कमाई गेली. वर नाव खराब झालं ते वेगळंच. तालुक्याच्या गावात बातमी पसरायला एक चहा पुरतो!

म्हणून ही पद्धत पाठ करा.

१. आधी व्हिडिओ काढा. गिऱ्हाइकासमोर गाडी चालू करा. मीटरवर कुठला लाइट पेटलेला राहतो का, ते मोबाइलमध्ये घ्या. जुना बिघाड तुमच्या माथी यायला नको.

२. इंजिन थंड होऊ द्या. घाट उतरून आलेल्या तापलेल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो. हात ठेवता आला पाहिजे, एवढं थांबा.

३. किल्ली काढा, बॅटरीची मायनसची वायर सोडवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो. वायर काढल्याने घड्याळ, रेडिओचं सेटिंग जाऊ शकतं, हे आधीच सांगा.

४. झाकून घ्या. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू, इग्निशन कॉइल, एअर फिल्टरचं तोंड, सीएनजी गाडीचा रेग्युलेटर, सगळ्यांना प्लास्टिकची पिशवी बांधा.

५. सुका कचरा आधी. पानं, माती, उंदरांनी आणलेलं गवत ब्लोअरने आणि ब्रशने काढा.

६. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर वापरा. तेलकट जागी फवारा, तीन-चार मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका. ब्रशने घासून साध्या पाइपने हलक्या धारेने धुवा. डिझेल किंवा रॉकेल मारलं की इंजिन चकाकतं खरं, पण रबरी पाइप फुगतात आणि आग लागायचा धोका राहतो. ते काम सरळ नाकारा.

७. पूर्ण सुकवा. पिशव्या काढा, कनेक्टरमध्ये ब्लोअर मारा, मग वायर जोडा. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि पुन्हा व्हिडिओ काढा.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत केशरी रंगाच्या जाड वायरी असतात. त्यात हाय व्होल्टेज असतं. शिक्षण घेतल्याशिवाय तिकडे हात घालू नका.

आणि एक, तेलकट पाणी गटारात सोडू नका. ते शेवटी प्रवरेत जातं, आणि त्याच नदीवर आपली शेती उभी आहे. तेल वेगळं करणारा हौद सेंटर बांधतानाच बांधा. नंतर फरशी फोडून करणं महागात पडतं.

या कामाला एका गाडीमागे तासभर जास्त जाईल. म्हणून दर त्याप्रमाणे लावा आणि दोन्ही व्हिडिओ गिऱ्हाइकाला पाठवा. स्वस्तात धुणारे खूप मिळतील. बिनघोर किल्ली हातात द्यावी असा माणूस मात्र लोक शोधत येतात. तो माणूस तुम्ही व्हा!